भाक्रा : एका उंचीचा इतिहास

ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात विश्वामित्र आणि दोन नद्या यांचा संवाद आहे. भरतांचे रथ आणि गाडे घेऊन विश्वामित्र विपाशा व शुतुद्री यांच्या काठी येतो. नद्या दुथडी भरलेल्या असतात. गाड्यांच्या आसांखालून वाहाल इतक्या उतरा, अशी विनवणी तो त्यांना करतो आणि थोड्या आर्जवानंतर नद्या ती मान्य करतात. विपाशा म्हणजे आजची बिआस आणि शुतुद्री म्हणजे सतलज. पंजाबातील माणसाने नदीशी केलेल्या बोलण्यांची इतकी जुनी नोंद दुसरी क्वचितच सापडेल. परंतु विश्वामित्राचे मागणे घटकाभराचे होते. विसाव्या शतकात सतलजेकडे जे मागणे करण्यात आले ते कायमचे होते. तिने डोंगरातच थांबावे, आणि माणूस सांगेल तेव्हा व सांगेल तेवढेच पाणी खाली सोडावे. हे मागणे प्रथम कागदावर उतरले १९०८ साली आणि पुरे झाले १९६३ साली. मधली पंचावन्न वर्षे नदीची मनधरणी करण्यात गेली नाहीत. ती माणसांची मनधरणी करण्यात गेली.

मानसरोवराच्या परिसरात उगम पावलेली सतलज शिपकी खिंडीजवळ भारतात प्रवेश करते. किन्नौर, रामपूर-बुशहर, सुन्नी, बिलासपूर हा मुलूख ओलांडून ती रोपडपाशी सपाटीला लागते. सपाटीस लागण्यापूर्वी नैनादेवीच्या डोंगराच्या पायथ्याशी एके ठिकाणी तिचे पात्र एकदम आवळले जाते आणि दोन्ही बाजूंचे कडे जवळजवळ उभेच नदीत उतरतात. या घळीलगत भाक्रा नावाचे लहानसे खेडे होते. १९०८ च्या नोव्हेंबरात पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेन यांनी सतलजेच्या खोऱ्यातून प्रवास केला, ही जागा त्यांच्या ध्यानात भरली, आणि येथे नदी अडवून पाणी साठविता येईल असे टिपण त्यांनी लिहिले. सरकारी टिपणाला मरण नसते हे खरे; पण पुष्कळदा त्याला जीवनही नसते. डेनसाहेबांचे टिपण या दोहोंच्या मधल्या अवस्थेत बराच काळ राहिले. जुजबी पाहणी झाली, खर्चाचा आकडा छातीत धडकी भरविणारा निघाला आणि कागद कपाटात गेले.

पाणी साठविण्याची निकड मात्र खरी होती. १८८२ साली रोपडहून निघालेला सरहिंद कालवा नदीत जे पाणी वाहत असेल त्यावरच अवलंबून होता. सतलज उन्हाळ्यात हिम वितळले आणि पावसाळा लागला की बेफाम वाहते आणि गव्हाला पाणी हवे असते त्या हिवाळ्यात रोडावते. पंजाबच्या आग्नेय टोकाला हिसार आणि रोहटक हे जिल्हे आहेत. तेथे पाऊस बेभरवशाचा, विहिरीचे पाणी खोल व बहुधा खारट. विक्रम संवत १९५६ मधील, म्हणजे १८९९-१९०० मधील भीषण दुष्काळाला त्या भागात ‘छप्पनिया’ असे नावच पडले होते. इंग्रज सरकारने कालव्यांवर अपार पैसा खर्च केला तो मुख्यतः पश्चिमेकडे, लायलपूर व माँटगोमेरीच्या बाजूस. कारण तेथील जमीन सरकारी पडीक होती, ती विकता येत होती, राजनिष्ठांना बक्षीस देता येत होती आणि तिच्यावर शेतसाराही भरपूर बसविता येत होता. हिसारचा शेतकरी आपल्या जुन्या जमिनीवर आधीच बसलेला होता. त्याला पाणी दिल्याने सरकारच्या तिजोरीत तितकी भर पडणार नव्हती. हे हिशेब कोणी जाहीर बोलत नसे, पण कालव्यांचा नकाशा पाहिला की ते दिसतात.

पहिला तपशीलवार आराखडा १९१९ साली तयार झाला. त्यात धरणाची उंची सुमारे चारशे फूट धरलेली होती. पुढे १९२७ च्या सुमारास तज्ज्ञांनी पाचशे फुटांची शिफारस केली. धरणाची उंची हा प्रथमदर्शनी इंजिनिअरांचा विषय वाटतो. भाक्र्याच्या बाबतीत तो निम्माअधिक राजकारणाचा होता आणि त्याचे कारण नदीच्या वरच्या अंगाला, काही मैलांवर होते.

ते कारण म्हणजे बिलासपूर. कहलूर या जुन्या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या राजपूत संस्थानाची राजधानी सतलजेच्या अगदी काठावर वसलेली होती. राजवाडे, बाजार, दगडी शिखरांची प्राचीन देवळे, आणि सांडू नावाचे नदीकाठचे विस्तीर्ण मैदान; या मैदानावर दर वर्षी चैत्राच्या सुमारास नलवाडी नावाचा गुरांचा मोठा बाजार भरे व दूरदूरचे शेतकरी तेथे बैल खरेदीला येत. डोंगराळ संस्थानात सपाट, काळीभोर, पाण्याची जमीन होती ती या खोऱ्याच्या तळातच. धरण चारशे फुटांचे केले तर यातले किती बुडणार, पाचशेचे केले तर किती, आणि त्याहून उंच केले तर काय उरणार, हा प्रश्न बिलासपूर दरबाराने विचारला आणि त्याला समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. पाणी मिळायचे ते खालच्या पंजाबला आणि बुडायचे ते बिलासपूरने. दरबाराच्या विरोधाला लाहोरच्या सचिवालयात अडवणूक म्हटले जाई. ज्याचे घर बुडायचे त्याने प्रश्न विचारले की त्याला अडवणूक म्हणण्याची रीत तेव्हाही होती.

दुसरा विरोध दूरवरून, सिंधमधून आला. वर पंजाबात पाणी अडविले तर खाली सिंधूच्या पात्रात पाणी कमी येईल अशी त्या प्रांताची तक्रार होती. ती ऐकण्यासाठी १९४१ साली सर बेनेगल नरसिंग राव यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला. हेच गृहस्थ पुढे घटनासभेचे सल्लागार झाले. आयोगाने १९४२ साली अहवाल दिला, त्यावर वाटाघाटी झाल्या, १९४५ मध्ये दोन्ही प्रांतांच्या मुख्य इंजिनिअरांनी कराराचा मसुदाही तयार केला. परंतु तो अखेर अंमलात आलाच नाही. नदी एक, राज्ये अनेक, या दुखण्याची चिकित्सा पुढे स्वतंत्र भारतालाही वारंवार करावी लागली.

हे सगळे कागद हलविणारा माणूस रोहटक जिल्ह्यातला होता. सर छोटूराम हे सांपल्याजवळच्या एका जाट शेतकरी कुटुंबातले, वकील, युनियनिस्ट पक्षाचे पुढारी आणि पंजाबचे महसूलमंत्री. १९३८ ते १९४० या वर्षांत हिसारने पुन्हा दुष्काळ पाहिला. गुरे चाऱ्यावाचून मेली, माणसे गावे सोडून गेली. सावकारी कर्जाविरुद्ध कायदे करून घेणाऱ्या छोटूरामांना हे पुरते कळत होते की, कर्ज कायद्याने कमी करता येते, पण पाऊस कायद्याने पाडता येत नाही. बिलासपूरच्या राजाशी वाटाघाटी करून भाक्र्याचा करार त्यांनी आपल्या आयुष्याच्या अगदी अखेरच्या दिवसांत घडवून आणला. ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला ते वारले. ज्या धरणासाठी त्यांनी एवढा आटापिटा केला त्याचा एक दगडही त्यांना पाहायला मिळाला नाही.

याच सुमारास दिल्लीतही हालचाल सुरू झाली होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते आणि पाटबंधारे व वीज यांची मध्यवर्ती जबाबदारीही त्याच खात्यात होती. नद्यांचा विचार प्रांतवार न करता खोऱ्यांच्या हिशेबाने करावा, ही दृष्टी त्या वर्षांत सरकारी धोरणात आली. १९४५ साली मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला आणि त्याचे अध्यक्षपद ए. एन. खोसला या पंजाबी इंजिनिअरांना मिळाले. खोसला नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत भाक्र्याच्या पाहणीवर होते. ऐन तारुण्यात ज्या घळीची मोजमापे घेतली तिच्यात धरण उभे करण्याचा योग त्यांना केस पिकल्यावर आला. स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी व वीज हे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे आले आणि १९५२ पर्यंत भाक्रा, हिराकूद, दामोदर या योजनांचा संसार त्यांनी सांभाळला. १९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल होते. मंत्री म्हणून जे नकाशावर पाहिले ते राज्यपाल म्हणून त्यांना दगडचुन्यात, किंवा अचूक बोलायचे तर काँक्रीटमध्ये, पाहता आले.

मध्यंतरी १९४७ चा ऑगस्ट येऊन गेला होता. रॅडक्लिफने ओढलेल्या रेघेने कालव्यांच्या समृद्ध वसाहती पाकिस्तानात गेल्या. लायलपूरच्या ओलिताच्या जमिनी कसणारे लाखो शीख व हिंदू शेतकरी बैलगाड्यांतून पूर्व पंजाबात आले आणि त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला कर्नाल-हिसारकडच्या कोरडवाहू जमिनी आल्या. लाहोरच्या पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर व कारकून तसेच हातात मिळेल ते घेऊन निघून आले होते. देशाला परदेशातून धान्य आणावे लागत होते. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाब सरकारने माधोपूर व फिरोजपूर येथून पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी बंद केले आणि नदीच्या पाण्यावरून दोन नव्या राष्ट्रांत जुंपली. ते पाणी पुढे महिनाभरात सुरू झाले खरे, पण सतलजेचे पाणी वापरण्याची सोय ज्याच्याकडे असेल त्याचाच त्यावरचा हक्क टिकेल, हे दिल्लीने ओळखले. जे धरण हिसारच्या दुष्काळासाठी कल्पिले होते ते आता निर्वासितांच्या पोटाचा, विजेचा आणि राष्ट्रीय हक्काचा प्रश्न बनले. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे झालेल्या सिंधू पाणीवाटप कराराने रावी, बिआस व सतलज या तीन पूर्वेकडील नद्या भारताच्या वाट्याला आल्या. त्या दिवशी भाक्र्याची भिंत जवळजवळ उभी झालेली होती.

अशा परिस्थितीत धरण किती उंच करायचे या प्रश्नाचे उत्तर बदलले नसते तरच नवल. पूर्वी जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सोळाशे फुटांपर्यंत धरलेली होती. स्वातंत्र्यानंतर ती ऐंशी फुटांनी वाढून सोळाशे ऐंशीवर गेली. कागदावर एका आकड्याच्या जागी दुसरा आकडा आला. त्या ऐंशी फुटांत पाण्याचा प्रचंड जादा साठा होता, हजारो किलोवॅट वीज होती आणि बिलासपूर शहराचा निकालही होता.

शहर वाचविण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता तो राजा आता राजा राहिला नव्हता. १९४८ च्या एप्रिलमध्ये डोंगरी संस्थानांचा हिमाचल प्रदेश बनला. बिलासपूरचे राजे आनंदचंद त्यात सामील होण्यास तयार नव्हते. भाक्रा त्याच संस्थानात असल्यामुळे केंद्र सरकारने बिलासपूर त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात थेट आपल्या हाताखाली घेतले. आरंभी काही काळ आनंदचंद हेच तेथे चीफ कमिशनर होते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते बिलासपूरमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. गादी गेलेल्या राजाला लोकांनी बिनविरोध निवडावे, यात परंपरेचा भाग होताच. पण बुडणाऱ्या मुलखाला आपले म्हणणे मांडणारा दुसरा कोणी दिसत नव्हता हेही तितकेच खरे असावे. १ जुलै १९५४ रोजी बिलासपूर हिमाचल प्रदेशात विलीन झाले. त्यानंतर सातच दिवसांनी, ८ जुलैला, पंडित नेहरूंनी नांगल येथे भाक्र्याच्या कालव्यांचे उद्घाटन केले. माणसाच्या हितासाठी माणसे जेथे राबतात त्याहून मोठे मंदिर, मशीद वा गुरुद्वारा कोणता, अशा आशयाचे त्यांचे प्रसिद्ध उद्गार त्या दिवसाचे. ते ऐकून सभेतल्या शेतकऱ्यांना भरून आले असेल. वरच्या अंगाला, जेथे खरोखरीची मंदिरे पाण्याखाली जायची होती, तेथे ते कसे ऐकले गेले असतील याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळावे. रोपडहून नांगलपर्यंत रेल्वे आणण्यात आली व पुढे भाक्र्यापर्यंत वेगळी लहान गाडी सुरू झाली. कामगारांना फुकट नेणारी ही गाडी आजही विनातिकीट धावते आणि शाळेची मुले व आसपासचे गावकरी तिच्यातून जा-ये करतात. भाक्र्याच्या खाली आठ मैलांवर नांगलचा बंधारा बांधण्यात आला. तेथून चाळीस मैलांचा वीज-कालवा निघाला व गंगूवाल आणि कोटला येथे वीजघरे उभी राहिली. मोठे धरण पुरे होण्याच्या कितीतरी आधी कालवे वाहू लागले ते याच योजनेमुळे.

मुख्य धरणासाठी प्रथम नदीलाच वाट बदलून द्यावयाची होती. दोन्ही काठांच्या डोंगरांतून पन्नास-पन्नास फूट व्यासाचे दोन बोगदे खणण्यात आले आणि १९५४ साली सतलज त्यांत वळली. नदीचे उघडे पडलेले तळ खोल खोदण्यात आले. धरणाची उंची पायापासून ७४० फूट. त्यांपैकी जवळजवळ १९० फूट नदीच्या मूळ तळाच्या खाली आहेत, ते कोणालाच दिसत नाहीत. खोदताना पायाच्या खडकात मऊ चिकणदगडाचा पट्टा लागला. एवढ्या वजनाखाली तो दबला तर सगळेच संपले. म्हणून तो कोरून काढून त्या पोकळीत काँक्रीट ठासावे लागले. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते काँक्रीटची पहिली बादली ओतण्यात आली. त्यानंतर ते काम रात्रंदिवस पाळ्यांनी चालू राहिले. खडी आणि वाळू मैलोगणती लांब फिरत्या पट्ट्यांवरून येई. काँक्रीट आळताना आतून तापते व तडकते, म्हणून त्याच्या पोटात नळ्या बसवून त्यांतून पाणी खेळविले जाई. चाळीस लाख घनमीटरांहून अधिक काँक्रीट या भिंतीत आहे. १७०० फूट लांबीची ही सरळ भिंत केवळ आपल्या वजनाच्या बळावर पाणी पेलते. एकूण योजनेचा खर्च सुमारे २४५ कोटी रुपये झाला.

कामाच्या भरात येथे सुमारे तेरा हजार मजूर राबत होते. त्यांच्यावर आणि इंजिनिअरांवर हुकमत चालविणारे हार्वे स्लोकम हे अमेरिकन गृहस्थ मोठे विलक्षण होते. अमेरिकेतील ग्रँड कूली धरणाचा अनुभव घेऊन ते १९५२ साली येथे आले. त्यांच्याकडे इंजिनिअरीची पदवी नव्हती. मजुरापासून चढत चढत ते वर गेले होते. हातात पदवीचा कागद आणि अंगावर कडक इस्त्रीचे कपडे हीच ज्यांची इंजिनिअरपणाची खूण, अशा तरुणांना चिखलात उतरावयास लावणे हे स्लोकमचे भारताला झालेले सर्वांत मोठे साहाय्य म्हणावे लागेल. ऑगस्ट १९५९ मध्ये, पूर ऐन भरात असताना, उजव्या बोगद्याची दारे हलविण्याची यंत्रे जेथे होती तो कक्ष कोसळला. अडविलेले पाणी बोगद्यातून व भुयारी मार्गांतून सुसाट शिरले आणि बांधत असलेल्या वीजघरात पाणीच पाणी झाले. माणसे दगावली. पाण्याचा तो मार्ग बंद करण्यास कित्येक महिने लागले. स्लोकम १९६१ च्या नोव्हेंबरात येथेच मरण पावले. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी नेहरूंनी धरण राष्ट्राला अर्पण केले, त्या सोहळ्याला ते नव्हते. ज्या अनामिक मजुरांचे प्राण कड्यांवर, बोगद्यांत आणि यंत्रांखाली गेले तेही नव्हते.

नेहरूंचे भाक्र्यावर प्रेम होते, पण ते आंधळे नव्हते, हे त्यांच्या एका उपेक्षित भाषणावरून दिसते. १७ नोव्हेंबर १९५८ रोजी, म्हणजे पहिल्या बादलीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, पाटबंधारे व वीज मंडळाच्या सभेत त्यांनी अवाढव्यतेच्या रोगाबद्दल इंजिनिअरांना इशारा दिला होता आणि लहान योजनांचे महत्त्व सांगितले होते. मंदिराचे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले. हे भाषण बहुतेकांच्या ऐकिवातही नाही.

जलाशयाला शीख गुरूंच्या स्मरणार्थ गोविंदसागर हे नाव मिळाले. त्याखाली लहानमोठी ३७१ गावे गेली आणि सुमारे छत्तीस हजार माणसे उठली. १९६१ च्या पावसाळ्यात पाणी बिलासपूर शहरात शिरले. सांडूचे मैदान गेले, बाजार गेला, राजवाडे आणि देवळे गेली. नवे बिलासपूर वरच्या उतारावर आखणी करून वसविण्यात आले. डोंगराळ भागातले आखीव नगर म्हणून त्याचे कौतुकही झाले. परंतु शहर हलविणे सोपे, कारण शहराला नकाशा असतो आणि त्याच्या वतीने अर्ज लिहिणारी माणसे असतात. खेड्यांचे तसे नव्हते. नुकसानभरपाई रोख मिळाली. ज्यांनी जन्मात एकदम इतके रुपये पाहिले नव्हते त्यांच्या हातून ते वर्षा-दोन वर्षांत सरले. काही कुटुंबे सरकली ती सरळ वर, पाण्याच्या रेषेच्या वरच्या उतारावर, जंगलात. तेथे त्यांनी खाचरे केली, घरे बांधली आणि आपल्याच मुलखात सरकारी जमिनीवरील अतिक्रमणदार ठरली. त्यांच्या नातवंडांनाही त्या घराखालची जमीन आपल्या नावावर करून घेण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागले.

दोन हजारांवर कुटुंबांना हिसार जिल्ह्यात जमीन देऊ करण्यात आली. जेथे पाणी जाणार तेथेच पाण्यासाठी उठलेल्यांना वसवावे, ही कल्पना न्यायाची होती. पण हिमालयाच्या पायथ्याशी वाढलेला शेतकरी आणि हिसारचा वाळवंटी उन्हाळा यांची गाठ घालणारा अधिकारी बहुधा मे महिन्यात तेथे गेला नसावा. जमिनी झुडपांनी भरलेल्या होत्या. पाणी पाटाच्या शेवटच्या टोकाला पोचेल तेव्हा पोचेल अशी स्थिती. भाषा वेगळी, सोयरिकी वेगळ्या, शेजारी नाखूश. काही कुटुंबे टिकली आणि दोन पिढ्यांनंतर बरी नांदू लागली. गावात मात्र त्यांची ओळख बिलासपूरची माणसे अशीच राहिली. अनेकांनी जमीन मिळेल त्या भावाने विकली आणि ती पुन्हा डोंगराकडे परतली. त्यांना परतण्यासाठी गाव उरले नव्हते. त्या गावाच्या जागेकडे पाहता येईल अशी एखादी टेकडी तेवढी होती.

मराठी श्रोत्यांना येथे मुळशीची आठवण होणे स्वाभाविक आहे. टाटांच्या वीजयोजनेसाठी मुळशी पेट्यातील मावळ्यांची भातखाचरे बुडू लागली तेव्हा १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह आरंभिला होता. धरण झालेच. परंतु मुंबईच्या दिव्यांसाठी मावळच्या शेतकऱ्याने का उठावे, हा प्रश्न निदान जाहीरपणे विचारला गेला, त्यासाठी माणसे तुरुंगात गेली. सतलजेच्या खोऱ्यात असा प्रश्न मोठ्याने विचारला गेला नाही. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, आणि देशासाठी द्यावयाचे आहे असे सांगितले की नाही म्हणण्याची जीभ होत नव्हती. मुळशीत सामना परक्या सरकारशी आणि भांडवलदारांशी होता. येथे मागणारे आपलेच होते, त्यामुळे देणे अधिक कठीण की सोपे झाले हे ज्यांनी दिले त्यांनीच सांगावे.

खाली काय झाले तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हिसार, सिरसा, फतेहाबाद हा भाग आज गहू आणि कापूस पिकवितो. राजस्थानच्या गंगानगर-बिकानेरकडच्या वाळूलाही या पाण्याचा वाटा मिळाला. दिल्लीला वीज मिळाली, नांगलला खताचा कारखाना निघाला. १९६६ नंतर बुटक्या गव्हाची बियाणी आली तेव्हा त्यांना वेळेवर द्यावयाचे पाणी पंजाब-हरियाणात तयार होते. छप्पनियासारखा दुष्काळ हिसारने पुन्हा पाहिला नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असे दाखविण्याचा प्रयत्न केला की धान्यवाढीचे पुष्कळसे श्रेय भाक्र्यापेक्षा नलिकाविहिरींना आहे, आणि त्यावर मोठा वाद झाला. नलिकाविहिरींचा वाटा नाकारता येत नाही. पण त्या विहिरींचे पंप ज्या विजेवर फिरले तिच्यातली बरीच याच धरणाची होती आणि कालव्यांतून झिरपलेल्या पाण्यानेही जमिनीखालचा साठा पुष्कळ ठिकाणी भरला. काही ठिकाणी तर तो नको इतका भरला, जमिनी पाणथळ व खारवट झाल्या. एकाच धरणाने एकाच जिल्ह्यात अशी दोन्ही फळे दिली.

तंटे मिटले नाहीत. १९६६ मध्ये पंजाबचे विभाजन होऊन हरियाणा निर्माण झाला. धरणाच्या कारभारासाठी नेमलेल्या मंडळाला १९७६ मध्ये भाक्रा-बिआस व्यवस्थापन मंडळ असे नाव मिळाले. १९८८ च्या सप्टेंबरात जलाशय काठोकाठ भरला असताना पाणी सोडावे लागले व पंजाबात महापूर आला. त्या काळ्या वर्षांत मंडळाच्या अध्यक्षांची नोव्हेंबर महिन्यात दहशतवाद्यांनी हत्या केली. १९८८ च्या त्या अनुभवानंतर जलाशय सोळाशे ऐंशी फुटांच्या वर भरू द्यायचा नाही असा दंडक घालण्यात आला. २०२५ च्या उन्हाळ्यात हरियाणाला किती पाणी सोडायचे यावरून पंजाबने नांगलला पोलीस उभे केले होते. सिंधने जी तक्रार १९४१ साली केली तीच, फक्त नावे बदलून.

हिवाळा सरत आला आणि खालच्या शेतांनी आपले पाणी ओढून घेतले की गोविंदसागराची पातळी उतरू लागते. बिलासपूरच्या खाली आधी देवळांची शिखरे दिसतात, मग गाळात रुतलेल्या भिंती, मग सांडूच्या मैदानाचा काही भाग. उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक चार महिन्यांचे पीक काढतात, मुले क्रिकेट खेळतात. जुन्या गावची वृद्ध माणसे, जी आता फार थोडी राहिली आहेत, गाळ तुडवीत देवळापर्यंत जातात. त्यांच्यापैकी काहींच्या मुलांनी मच्छीमारांच्या सहकारी संस्था काढल्या असून पाणी चढलेले असते तेव्हा ती याच देवळांवरून जाळी टाकतात. नलवाडीची जत्रा आता लुहणूच्या मैदानावर, जलाशयाच्या काठी भरते. ती चैत्रातच येते, म्हणजे पाणी बरेच उतरलेले असताना. आणि जत्रेतून उतरणीकडे पाहिले की जुन्या बाजाराची जागा गाळाखाली कोठे असावी हे बोट दाखवून सांगणारा एखादा म्हातारा अजून भेटतो.